एक नंबर, त्रेचाळीस माणसं

यावलच्या बसस्टँडबाहेर चिंचरूडची रिक्षा उभी होती आणि तिच्यात एकच जागा उरली होती. तीही अर्धीच. उरलेल्या अर्ध्या जागेत एक मोटार आडवी ठेवलेली होती – विहिरीत सोडतात ती, लांबट, नळकांड्यासारखी. शेजारच्या माणसानं ती उचलून आपल्या मांडीवर घेतली.

"बसा," तो म्हणाला.

"जड नाही का?"

"जडच आहे. पण तुम्हालाही जायचंच आहे ना?"

मी बसले. डिसेंबरचा मध्य होता, ऊन अजून कोवळं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आणि मधूनच वेचून झालेली कपाशी. प्रत्येक खड्ड्याला मोटार त्याच्या मांडीवर आदळायची आणि तो काहीच झालं नाही असा चेहरा करायचा. त्याच्या बोटांवर तारेनं कापल्यासारखे बारीक चरे होते.

"कोणाकडे जायचंय?" त्यानं विचारलं.

"कामानं आलेय."

"त्या नावाचं आमच्या गावात कोणी राहत नाही."

मला हसू आलं, पण मी बाहेर बघत राहिले. ज्या कामाला निघाले होते त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

मी कामिनी देसले. मूळची सोनगीरची, नोकरीला जळगावात. मेहरूणला तलावाच्या अलीकडे एका खोलीत राहते. खान्देश ग्रामीण वित्त मंडळ या सरकारी संस्थेत डिजिटल डेटा विश्लेषक आहे, असं माझ्या नेमणूकपत्रात लिहिलंय. आई शेजारणींना सांगते की पोरगी कॉम्प्युटरातल्या चुका शोधते. आईचं जास्त बरोबर आहे.

आमचं मंडळ म्हाताऱ्या शेतमजुरांना निवृत्तिवेतन देतं. दरवर्षी नोव्हेंबरात त्या माणसानं आपण हयात असल्याची नोंद करायची असते. अर्जावर दिलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, तो भरला की माणूस जिवंत. दर महिन्याला मी या नोंदी चाळते आणि जिथं काही खटकतं ती यादी साहेबांपुढे ठेवते. त्या महिन्यात सगळ्यात वर एक मोबाईल नंबर होता. एकाच गावातल्या त्रेचाळीस माणसांच्या अर्जावर तोच नंबर, आणि त्रेचाळीस जणांची हयातीची नोंद एकाच दुपारी, दोन तासांत.

"सरळ फसवणूक दिसते," आमचे प्रेमराज शिरसाठ साहेब म्हणाले होते. "सगळी खाती गोठवा. मग पोलिसांना कळवू."

"साहेब, आधी कोणीतरी जाऊन बघायला हवं."

"मग तुम्हीच जा," ते म्हणाले. "तुम्हाला एक दिवस देतो."

तीन वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदाच खुर्चीवरून उठून कुठं तरी निघाले होते. गाव दिसायला लागलं तसं वाटलं, त्या नंबरवाल्या माणसाला पळायला वेळ मिळू नये, पण पोचल्यावर तो सापडायला मात्र हवा. मी फोन काढला आणि पाठ झालेला तो नंबर लावला.

शेजारी फोन वाजला.

त्यानं एका हातानं मोटार सावरली, दुसऱ्या हातानं खिशातून फोन काढला. "हॅलो?" तो म्हणाला. मला ते दोन्ही कानांनी ऐकू आलं.

मी फोन बंद केला नाही. तसाच कानाला धरून त्याच्याकडे बघत म्हणाले, "मी वित्त मंडळातून बोलतेय."

त्यानंही फोन कानावरून न काढता उत्तर दिलं, "मग तुमचं काम माझ्याकडेच आहे. मी हेमराज भंगाळे… मोटार जरा धरता का? उतरायचं आलं."

गावातल्या पाण्याच्या टाकीसमोर त्याचं दुकान होतं. जळालेल्या मोटारी उघडायच्या, तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची आणि परत करायच्या, हा त्याचा धंदा. त्यानं मला स्टूल दिलं, ते आधी स्वतःच्या रुमालानं पुसलं, आणि मी विचारायच्या आत सांगायला लागला.

"चार वर्षांपूर्वी शाळेत अर्ज भरायचं शिबिर होतं. मी तिथं फ्यूज बघायला गेलो होतो. मोबाईल नंबर टाकल्याशिवाय अर्ज पुढं सरकत नव्हता. निंबाबाबांकडे फोन नाही, पोरगा सुरतला. म्हटलं, माझा टाका. मागं रांग होती. सगळ्यांनी तेच ऐकलं."

"आणि ओटीपी?"

"नोव्हेंबरात मारुतीच्या पारावर बसतो सगळ्यांना घेऊन. एकेकाचा आला की भरतो. दोन तास लागतात. मधे चहा होतो एकदा."

मी लिहून घेतलं. चहासुद्धा लिहिला आणि मग खोडला.

"मला त्रेचाळीस जणांना प्रत्यक्ष बघायचंय," मी म्हटलं.

"चला मग," त्यानं दुकानाचं शटर ओढलं.

तो दिवस मला घरागणिक आठवतो. एका ओसरीवर निंबाबाबा चष्मा लावून उन्हात बसले होते. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं आणि वर माझं लग्न झालंय का विचारलं. एक आजी बागेत गेल्या होत्या, तिथं आम्ही केळीच्या दोन ओळींमधून वाकून गेलो. वाळकी पानं चेहऱ्यावर येत होती, आणि तो पुढं चालत प्रत्येक पान हातानं धरून ठेवत होता, मी जाईपर्यंत. मागं वळून मात्र एकदाही बघितलं नाही. मी गेले हे त्याला कसं कळत होतं कुणास ठाऊक.

प्रत्येक घरी मी नाव विचारायचे, कार्ड बघायचे, फोटो काढायचे. प्रत्येक घरी पाणी प्यावं लागलं.

"चहाला नाही म्हणायला शिका," तो हळूच म्हणाला, "अजून एकोणीस घरं आहेत."

"तुम्हीच सांगा की त्यांना."

"मी सांगितलं तर म्हणतील, हा कोण तुझ्या चहाचा मालक?" एवढं बोलला आणि कान लाल होईपर्यंत पुढचं घर शोधत राहिला. ते घर तर समोरच होतं.

शेवटून दुसरं घर सुपडू आबांचं. त्यांच्या बायकोचं, भिकुबाईंचं नाव माझ्या यादीत होतं, आबांचंही. आबांनी दोन्ही कार्डं आणून माझ्या हातात ठेवली.

"आजी कुठं आहेत?"

"लेकीकडे गेली," आबा म्हणाले. "येईल."

हेमराज दाराच्या चौकटीकडे बघत होता. मी भिकुबाईंच्या नावापुढं 'बाहेरगावी' लिहिलं. शेवटच्या घरात आणखी एक आजी भेटल्या आणि माझी यादी संपली. बेचाळीस माणसं मी डोळ्यांनी बघितली होती. मला फार बरं वाटत होतं. फसवणूक नाही म्हणून, आणि… तो तसा माणूस नाही म्हणूनही.

साडेपाचची रिक्षा यायची होती. आम्ही टाकीखाली उभे होतो. रिक्षा लांबून दिसली तसा तो म्हणाला, "भिकुमावशी लेकीकडे नाहीत. दिवाळीत वारल्या."

मी यादी पुन्हा बाहेर काढली.

"नोव्हेंबरात पारावर बसलो, तेव्हा आबा तिचं कार्ड घेऊन रांगेत आले. मी म्हटलं, आबा, मावशीचं आता करायचं नसतं. ते म्हणाले, 'तिचं नाव काहाडू नको रे हेमा. यादीत तरी आम्ही दोघं राहू दे.' तेराव्याला चार दिवसही झाले नव्हते. मी ओटीपी भरला. पैसा त्यांनी काढलेला नाही, पासबुक बघा हवं तर. पण भरला मीच, माहीत असून."

"मला का सांगताय? मी लिहिलं होतं ना बाहेरगावी."

"तुम्ही दिवसभर एकेकाच्या समोर बसून नाव विचारत होता. तुम्हाला खोटं देऊन रिक्षात बसवणं… जमेना."

रिक्षा थांबली. मी बसले. त्यानं रिक्षावाल्याला सांगितलं, "यांना स्टँडवर आत नेऊन सोड, जळगावच्या गाडीजवळ." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुम्हाला जे लिहायचं ते लिहा."

जळगावपर्यंत मला त्याचा रागच येत राहिला. त्यानं सांगितलं नसतं तर माझा अहवाल सरळ होता. आता त्याच्या तोंडातून निघालेलं मला परत आत घालता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तो तक्ता उघडून बसले. एका रकान्यात एक शब्द बदलायचा होता. नाही बदलला, तर कुणालाही कळलं नसतं. त्या गावात पुन्हा कोणी जाणार नव्हतं. दुपारपर्यंत मी इतर सगळी कामं उरकली. मग 'मयत' असं लिहिलं, खाली हेमराजनं सांगितलं ते सगळं लिहिलं, आणि ही माहिती त्यानं आपण होऊन दिली हेही लिहिलं. बाकी बेचाळीस नोंदी खऱ्या आहेत, खाती गोठवू नयेत, असा शेवट केला.

मग त्याला फोन लावला.

"मी लिहिलंय," मी म्हटलं.

"लिहायलाच हवं होतं."

"तुम्हाला नोटीस येईल."

"येऊ द्या." मागं कुणीतरी हातोडी ठोकत होतं, ते थांबलं. "तुम्ही जेवलात का?"

"का?"

"आवाज तसा वाटतोय. नसेल तर आधी जेवा."

मी खरंच जेवले नव्हते.

नोटीस गेली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आमच्या ऑफिसात हजर झाला. शिरसाठ साहेबांच्या समोर तो, आणि बाजूच्या खुर्चीवर तक्ता घेऊन मी. आम्ही एकमेकांना ओळख दाखवली नाही. साहेबांनी विचारलं तेवढ्याची त्यानं उत्तरं दिली. आबांवर काही ढकललं नाही.

"पोलिसात देता आलं असतं तुम्हाला, कळतंय का?" साहेब म्हणाले.

"कळतंय."

"मग यांना सांगायच्या आधी विचार नाही केला?"

"केला ना साहेब. दिवसभर तोच करत होतो."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. लेखी ताकीद झाली. त्याचा नंबर सगळ्या नोंदींवरून काढायचा आणि यापुढं त्यानं कोणाचाही ओटीपी भरायचा नाही, असं ठरलं. भिकुबाईंच्या खात्यात पडून असलेली दोन महिन्यांची रक्कम मंडळानं परत घेतली.

"म्हणजे बेचाळीस म्हाताऱ्यांचं पुढच्या नोव्हेंबरात काय?" हेमराजनं विचारलं. तेवढाच एक प्रश्न त्यानं स्वतःहून विचारला.

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी तयारीनं आले होते. पाचपेक्षा जास्त अर्जांवर असलेले नंबर मी मंडळाच्या दोन्ही जिल्ह्यांतून काढले होते. एकसष्ट निघाले. त्यांच्यामागं अकराशे सात माणसं होती.

"साहेब, आपल्या अर्जात 'मोबाईल नाही' असं लिहायची सोयच नाही," मी म्हटलं. "ज्याच्याकडे नाही, तो दुसऱ्याचा देणारच. एक रकाना वाढवायचा आणि या लोकांची नोंद आपल्या माणसानं घरी जाऊन घ्यायची."

"एवढी माणसं आहेत कुठं आपल्याकडे?"

"एका माणसाला एका दिवसात बेचाळीस घरं होतात, साहेब. मी करून बघितलंय."

साहेबांनी प्रस्ताव लिहून आणायला सांगितलं.

बाहेर आले तर तो जिन्याच्या खाली उभा होता. जानेवारीत पडू नये असा पाऊस भुरभुरत होता.

"मेहरूण तलाव इथून लांब आहे का?" त्यानं विचारलं.

"का?"

"बघितलेला नाही. आणि बस तर साडेचारला आहे."

आम्ही तलावाच्या काठी टपरीवर चहा घेतला. पत्र्यावर पाऊस वाजत होता. पांढऱ्या शर्टवर चहा सांडू नये म्हणून तो कप फार लांब धरून पीत होता.

"माझ्यावर राग नाही ना?" मी विचारलं. "माझ्यामुळं ताकीद मिळाली."

"ती माझ्यामुळं मिळाली. तुम्ही लिहिलं नसतं तर… मग राग आला असता बहुतेक."

"हे उलटं झालं."

"असेल. पण मग तुम्हाला फोन करायची हिंमत झाली नसती." तो पाण्याकडे बघत म्हणाला. "आता करत जाऊ का? आता माझा नंबर मोकळा आहे."

"कामाचं काही असेल तर करा."

तो रोज करायला लागला. संध्याकाळी सातला. काम काहीही असायचं. यावलला पाऊस झाला. एक मोटार तिसऱ्यांदा जळाली. जळगावात वांगी काय भाव आहेत. मी म्हणायचे, हे कामाचं नाही. तो म्हणायचा, वांग्यांचं तर कामाचंच आहे, कळेल. सातला पाच मिनिटं कमी असली की मी फोन उलटा ठेवायचे, म्हणजे वाट बघतेय असं मला स्वतःला दिसू नये.

जानेवारी संपता संपता प्रस्ताव मंजूर झाला. अर्जावर एक छोटा चौकोन वाढला. पहिल्या घरभेटींसाठी साहेबांनी चिंचरूडच निवडलं आणि टॅब घेऊन मलाच पाठवलं. या वेळी हेमराज माझ्याबरोबर घरोघर हिंडला नाही. त्याला तशी परवानगीही नव्हती. दुकानात बसून तो कामात असल्यासारखं दाखवत होता.

सुपडू आबांच्या घरी मी सगळ्यात शेवटी गेले. त्यांची नोंद झाली. मग मी टॅब बाजूला ठेवला.

"आबा, आजींचं नाव आता यादीत नाही. ते मी काढलंय. दुसऱ्या कोणी नाही."

ओसरीवर एक कोंबडी येऊन गेली.

"मले माहीत होतं माय, एक दिवस निघणार," आबा म्हणाले. "पण सांगायला कोणी येईल, असं नव्हतं वाटलं."

त्यांनी आत जाऊन गुळाचा खडा आणला आणि माझ्या हातावर ठेवला. तिथून निघाल्यावर मला रस्ता नीट दिसत नव्हता. टाकीशी हेमराज उभा होता. म्हणाला, "आई शेतात वाट बघतेय. भरीत आहे."

शेत गावाला लागूनच. त्याच्या आईनं, लताबाईंनी कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवून हिरवी लांबट वांगी त्यात टाकली होती. मला बघून त्यांनी हात पुसले.

"मोटारी सोडून कधी हालत नाही हा," त्या मला म्हणाल्या. "आज सकाळपासून वांगे निवडून राह्यला." एवढं सांगून त्या पुऱ्या आणायच्या निमित्तानं विहिरीकडच्या खोलीत गेल्या आणि लवकर परत आल्या नाहीत.

आम्ही दोघं जाळासमोर बसलो. वांग्यांची सालं फुटून धूर येत होता. तो काडीनं एकेक वांगं फिरवत होता. एकच वांगं त्यानं चार वेळा फिरवलं.

"कामिनी…"

पहिल्यांदाच त्यानं नावानं हाक मारली होती.

"ते करपेल," मी म्हटलं.

"हो." त्यानं ते बाहेर काढलं. "मला असं विचारायचं होतं की… म्हणजे तुम्ही जळगावला, मी इथं. मोटारी काय, जळगावातही जळतात. दुकान हलवता येईल. किंवा… बस आहे. तासा-दीड तासाचा रस्ता. रोज जाणारे लोक आहेत…"

"तुम्ही बसचं वेळापत्रक विचारताय की लग्नाचं?"

त्यानं काडी खाली ठेवली आणि माझ्याकडे सरळ बघितलं. त्या दिवशी रिक्षा येताना बघितलं नव्हतं, तसं.

"लग्नाचं."

"मग तसं विचार ना."

"विचारलं," तो म्हणाला. माझ्या तोंडून 'विचारा'ऐवजी 'विचार' गेलं होतं, ते त्याला उशिरा कळलं. कळल्यावर त्यानं गरम वांगं हातानंच उचललं आणि बोटं भाजून घेतली. मी त्याचा हात ओढून बाजूच्या बादलीतल्या पाण्यात धरला. दोघांचेही हात पाण्यात बराच वेळ तसेच राहिले. भाजलं तेवढं काही नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "पण आधी आईला सांगते. आत्ताच."

"आत्ता?"

"नंतर मला हिंमत व्हायची नाही."

मी ओला हात ओढणीला पुसून सोनगीरला फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं. मोटारी, चिंचरूड, आमच्यापेक्षा वेगळी बोली, वेगळी जात, सगळं. फोन लागलेलाच आहे ना, हे मी दोनदा बघितलं.

"पोऱ्या कसा शे?" आईनं शेवटी विचारलं.

"खोटं बोलत नाही. एकदा बोलला होता, तेही स्वतःच येऊन सांगितलं."

"मग तुनं कसं व्हई?" आई म्हणाली. "घरमा एक तरी खोटं बोलणारं लागस."

मला हसू फुटलं. आई हसली नाही, पण रागावलेलीही वाटली नाही.

"नानासले मी सांगसू," ती म्हणाली. वडलांना आम्ही नाना म्हणतो. "ते आठ दिन बोलाव नहीत. नही ते नही. ऐतवारले लई ये त्याले. माले बठ्ठं त्याना तोंडतून ऐकनं शे."

फोन बंद झाला. हेमराज अजून बादलीत हात घालून बसला होता.

"काय म्हणाल्या? मला अहिराणी अर्धीच कळते."

"अर्धी कोणती कळली?"

"नाना बोलणार नाहीत, ती."

"उरलेली अर्धी अशी की रविवारी सोनगीरला यायचं आणि सगळं स्वतःच्या तोंडानं सांगायचं."

"सांगेन," तो म्हणाला. थोडा विचार करून पुन्हा म्हणाला, "सगळं?"

"सगळं. ताकीदसुद्धा."

त्यानं मान हलवली आणि बादलीतून हात काढला. विहिरीकडून लताबाईंनी हाक मारली, पुऱ्या आणू का म्हणून. "आण," तो ओरडून म्हणाला. मग केळीचं एक पान फाडून त्यानं माझ्यापुढं मांडलं आणि दुसरं पान त्याला चिकटून, अगदी शेजारी, स्वतःसाठी.